घरबाण

निकाल मिरज निघाला आणि माझ्या सासूबाईंनी पुण्याच्या व्हिसा केंद्राच्या प्रतीक्षागृहातच पेढ्यांचा पुडा फोडला.

"बघ, म्हटलं नव्हतं? चिपळूण निघायचं न्हाई म्हणून," असं म्हणत त्यांनी पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला, दुसरा सुरक्षारक्षकाला दिला आणि तिसरा शेजारच्या अनोळखी बाईच्या हातावर ठेवला. "सुनेचं माप झालं. माहेर चिपळूणला हाय तिचं. बाळंतपणसुद्धा तिकडंच झालं. पण बाण सरळ मिरजेला, आमच्या घराला!"

सासूबाई एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचतो. प्रतीक्षागृहातल्या सगळ्या माना वळल्या. त्यांच्या खांद्यावर माझी सात महिन्यांची रेवा माझ्याकडे बघून हात हलवत होती.

पेढा तोंडात तसाच होता. गिळवत नव्हता.

"आई, मिरज निघालं म्हणजे आपला अर्ज गेला."

"गेला म्हणजे?"

"त्यांना ओढ नसलेली माणसं हवी आहेत. मला घराची जितकी ओढ जास्त, तितकी मी नापास."

सासूबाईंनी पुडा बघितला, मला बघितलं आणि त्या अनोळखी बाईच्या हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे असं बघितलं की ती बिचारी परतच करायला निघाली.

मी मिरजेत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. या बाणाचं मूळ मुलांना शिकवायला मला आवडायचं, कारण ते वाळवंटातल्या मुंगीपासून सुरू होतं. ही मुंगी अन्न शोधत तापलेल्या वाळूवर वाकडीतिकडी भटकते. खुणा नाहीत, वास टिकत नाही. पण दाणा सापडला की वळते आणि सरळ रेषेत वारुळाकडे धावत सुटते. प्रत्येक वळणाचा हिशेब तिच्या मेंदूत चालू असतो, आणि त्यातून एकच बाण तयार होत राहतो: घर तिकडे. माणसाच्याही मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. आपण डोळे मिटून निवांत पडलो की या पेशी चाललेल्या वाटा पुन्हा चालतात. नवीन शोध इतकाच, की माणूस कुठेही असला तरी त्या वाटांचा कल एका दिशेला असतो. डोक्यावर हलकी टोपी घालून हा कल पडद्यावर बाणासारखा दाखवता येतो. बाणाची दिशा अचूक कळते, लांबीवरून ओढ कळते. घर किती लांब आहे ते मात्र यंत्राला कळत नाही. म्हणून ते अर्जात दिलेले पत्ते घेतं, नकाशावर रेघ ओढतं आणि ज्या पत्त्याची दिशा जुळेल ते घर धरतं.

विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही टोपी बनवली होती. तिचा खरा खप व्हिसासाठी झाला.

युरोपातल्या काही छोट्या देशांनी मिळून केलेल्या उत्तर संघानं ती सगळ्यांत आधी घेतली. त्यांना पूर्वी बँकेची कागदपत्रं, नोकरीचे दाखले, परतीचं तिकीट असं काय काय बघून ताडावं लागायचं, की हा माणूस परत जाईल की राहील. आता बाण सांगायचा. नव्वद दिवसांच्या पर्यटक व्हिसाला बाण आपल्या देशाकडे आणि लांब हवा. हंगामी मजुराला त्याहून लांब, म्हणजे सफरचंदं तोडून झाली की तो आपणहून घरची वाट धरेल. विद्यार्थ्याला मधलं काहीतरी: शिकायला मन लागेल इतकं आखूड, पण पदवी मिळाल्यावर जाईल इतकं लांब. आणि माझ्यासारखीला, नवरा तिकडे कामाला म्हणून कुटुंबाच्या व्हिसावर कायमचं राहायला जाणारीला, बाण आखूडच हवा. जुनं घर सुटलं असेल तरच नवं धरेल, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांखालच्या मुलाला माप नाही. रेवाचा व्हिसा तिच्या बाबाच्या जोरावर आधीच मंजूर होऊन बसला होता.

आम्ही मिरजेची बस पकडली. रेवा माझ्या मांडीवर दूध पिऊन झोपली होती. माझा कुर्ता छातीवर दोन ठिकाणी वाळून कडक झाला होता, आणि त्या डागांकडे बघताना मला एकदम ते आठवलं. मापाच्या खोलीत डोळे मिटून पडले असताना मध्येच पान्हा फुटला होता. तेव्हाच माप घेणाऱ्या तांबोळी मॅडम म्हणाल्या होत्या, "हलू नका, बाण थरथरतोय." आणि त्यांनी काहीतरी टिपलं होतं.

"आई, मी आत असताना तुम्ही खुर्चीवरून उठला होतात?"

"उठले की. हिनं लंगोट भिजवला. रडारड. न्हाणीघरात नेलं तिला."

"न्हाणीघर कुठल्या बाजूला होतं?"

"जिन्याच्या पलीकडं." त्यांनी हातानं दाखवलं. कुठल्याही डेपोत डोळे मिटून फिरेल अशी बाई. दिशेत चुकणार नाही. "प्रतीक्षागृह दक्षिणेला, न्हाणीघर उगवतीला. का गं?"

मिरज पुण्याच्या दक्षिणेला. प्रतीक्षागृह दक्षिणेला. आणि बाण थरथरला तो न्हाणीघराच्या वेळी.

"आई, बाण मिरजेला नव्हता."

"मग? चिपळूण?" त्यांचा चेहराच पडला.

"ही," मी म्हणाले, आणि मांडीवरच्या रेवाकडे बोट केलं.

सासूबाई पदराच्या टोकानं रेवाच्या ओठाजवळचं दूध टिपत पुटपुटल्या, "आणि मी येड्यासारखे पेढे वाटले."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुषारचा फोन आला. तुषार म्हणजे माझा नवरा, तिकडच्या एका रुग्णालयात नर्स. रेवाचा जन्म त्यानं पडद्यावर बघितला, तिचा पहिला दातही पडद्यावरच. निकाल त्याला कळवला होता.

"अगं, त्यात काय एवढं? सैल करून घे," तो म्हणाला.

सैल करणं म्हणजे काय ते आमच्याकडे आता शाळकरी पोरंही सांगतील. डोक्याच्या एका बाजूला चुंबकाचे हलके ठोके देतात. काही बैठका झाल्या की त्या पेशी वाटा चालायच्या कमी होतात आणि बाण आखूड होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच इंग्रजीच्या क्लासवर पाटी आहे, 'खात्रीशीर सैलकरण, दुसऱ्या मापात पास'.

"दुखत नाही गं, डोक्याला नुसतं गार वाटतं. मी नाही का केलं? मला काही झालं?"

"पण माझा बाण मिरजेला नाहीच, तुषार. रेवाकडे आहे. सैल करायचं म्हणजे तिच्यापासून करायचं."

"तात्पुरतं. सहा आठवडे तिला आईकडे ठेव, बाण आखूड झाला की माप दे. मग दोघी या. एकदा इथं आलीस की होईल सगळं पहिल्यासारखं." त्याचा आवाज मऊ झाला. "मला तुम्ही हव्या आहात, सानिका."

सासूबाई दारात शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात चालू, कान इकडे.

"डोळे मीट," मी तुषारला म्हणाले.

"काय?"

"मीट ना. स्टेशनवर उतरलास. आता घरी चालत ये. काय काय लागतं ते सांगत ये."

तो हसला. "परीक्षा घेते मास्तरीण. बरं. स्टेशनच्या बाहेर आलो. रिक्षा उभ्या आहेत. मग... रस्ता ओलांडला."

"मग?"

"मग दर्ग्याकडे... नाही. थांब." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "मग एक वळण आहे. आहे ना? सानिका, मला दिसत नाहीये. म्हणजे मला माहीत आहे की वळण आहे. पण मी नुसता तिथंच उभा आहे, रस्त्याच्या कडेला. नकाशा उघडू का?"

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"घाई नाही," मी म्हणाले.

त्याची कामातली मधली सुट्टी संपली, फोन बंद झाला. सासूबाईंनी सोललेल्या शेंगा उगाचच पुन्हा निवडायला घेतल्या.

"पहिलीत होता," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला ड्युटीवरून यायला उशीर झाला, तर एकटा निघाला शाळेतनं. गावात जत्रा, ही गर्दी. मी वेड्यासारखी शोधतीय, आणि हा घराच्या पायरीवर बसून चिंच खातोय. म्हटलं, कसा आलास रे? तर म्हणतो, आलो." त्यांनी नाक ओढलं. "सैल केलं त्यानं. मीच म्हणाले होते, कर बाबा, चांगली नोकरी हाय."

मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि एकदम कंडक्टरच्या आवाजात विचारलं, "दुसरं माप एकदाच देतात न्हवं? कधी घ्यायचं ते सांग. मी येते. आणि तू काही सैलबिल करायचं न्हाईस. रांडेच्यांनी माझा पोरगा रस्त्यात उभा करून ठेवलाय, आता नात न्हाई द्यायची."

फेरमापाच्या दिवशी टोपी चढवताना तांबोळी मॅडम कुजबुजल्या, "करून आलात ना? किती बैठका?"

या तांबोळी मॅडम माझ्याहून लहानच असतील. शबाना तांबोळी, गळ्यात ओळखपत्र, बोटांना मेंदीचा उतरता रंग.

"एकही नाही."

"मग कशाला आलात? हे शेवटचं माप आहे, मॅडम. यात मिरज निघालं तर अर्ज कायमचा बंद."

"मिरज निघणार नाही. तुम्ही फक्त पडदा बघा, आणि माझा फोन चालू राहू द्या."

"खोलीत फोन चालत नाही."

"अर्जदाराजवळ चालत नाही असं लिहिलंय. तुमच्या टेबलावर राहू द्या की."

त्यांनी भिंतीवरची सूचना एकदा वाचली, एकदा मला निरखलं आणि फोन टेबलावर ठेवला. मी डोळे मिटून पडले.

"बाण आला," त्या म्हणाल्या. "लांब आहे. दक्षिण. यंत्र मिरज म्हणतंय. सॉरी, मॅडम."

"आई, निघा," मी डोळे न उघडता म्हणाले.

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग रेवाची कुरकुर. "निघाले. जिन्यापलीकडं चाललेय."

तांबोळी मॅडमची खुर्ची करकरली.

"हा वळतोय."

"कुठे?"

"पूर्वेला. यंत्र म्हणतंय, पत्ता जुळत नाही."

"आई, आता पार्किंग."

"चालले, चालले. ओ दादा, गाडी मागं घ्या जरा, लेकरू हाय हातात! हां. पार्किंगला आले. काय म्हणतोय बाण?"

"पश्चिम," तांबोळी मॅडम नकळत त्यांनाच उत्तर देऊन बसल्या. "आजी, तुम्ही पश्चिमेला आहात?"

"मावळतीला. चहाच्या गाडीवर जाऊ का? ती रस्त्यापलीकडं, उत्तरेला."

"जा."

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले आणि त्यात रेवा रडायला लागली. माझ्या छातीत कळ आली, कुर्ता भिजला. डोळे मिटलेलेच होते, पण ती कुठं आहे हे मला कुणी विचारलं असतं तर मी बोट करून दाखवलं असतं. त्यासाठी टोपी लागली नसती.

"उत्तर," तांबोळी मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि वाढतोय. आजी, तिला उगी करा, बाण पडद्याबाहेर चाललाय."

"आता वर नेते लिफ्टनं!" सासूबाईंना चेव आला होता.

थोड्या वेळानं तांबोळी मॅडम हसल्या, अगदी लहान मुलीसारख्या. "छताकडे. खरंच छताकडे बघतोय."

मी उठून बसले. पडद्यावर निळा बाण गच्चीच्या दिशेनं उभा होता, आणि खाली यंत्र पुन्हा पुन्हा तेच लिहीत होतं: पत्ता जुळत नाही.

"हे तुम्ही याआधी बघितलंय," मी म्हणाले.

त्यांचं हसू मावळलं. "बाण थरथरतो ते बघितलंय. बाळ घेऊन आलेल्या बायकांचा नेहमी थरथरतो. आम्हाला शिकवलंय, तेव्हा 'अर्जदार अस्वस्थ' टिपायचं आणि जुळेल तो पत्ता धरायचा." टोपीची वायर त्या बोटाला गुंडाळत राहिल्या. "किती जणींचं लिहिलं असेल मी."

नियमाप्रमाणे माप अनिर्णित निघालं की माणूस माणसाची मुलाखत घेतो. वरच्या मजल्यावर पडद्यासमोर मला बसवलं. रेवा मांडीवर, सासूबाई शेजारी. पलीकडे उत्तर संघाचे एक अधिकारी होते, पिकल्या भुवयांचे, सभ्य. ते त्यांच्या भाषेत बोलत होते आणि यंत्र त्याचं मराठी करून ऐकवत होतं.

"आपलं माप मी पाहिलं. असाधारण आहे. अभिनंदन."

"धन्यवाद. व्हिसा देताय?"

"अडचण एवढीच, की घर म्हणून मला एक ठिकाण लिहावं लागतं. आपण कुठून सुटून येणार आणि कुठे रुजणार, याची नोंद."

"ही जिथं असेल तिथं मी रुजेन. आज मिरज. उद्या तुमच्याकडे."

"मूल हे ठिकाण नव्हे."

"तुमच्या यंत्राला ते ठिकाणच वाटतंय. मी काय करू?"

त्यांनी भुवया चोळल्या. मला वाटतं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "एक मार्ग आहे. आपण सैलकरणाचे उपचार घेण्याची संमती द्या. इथं आल्यावर, आमच्या खर्चानं. तेवढ्यावर मी आजच मंजुरी देऊ शकतो. बाण पुढे बहुतेकींचा पूर्ववत होतो."

"बहुतेकींचा."

"दहापैकी सात जणींचा."

सासूबाई पुढे झुकल्या. "उरलेल्या तिघींचं काय होतं ओ?"

यंत्रानं भाषांतर केलं. अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "त्या उत्तम आया असतात. मुलांचं सगळं वेळेवर करतात. आमच्याकडे तक्रार नाही."

रेवानं तेवढ्यात माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तिला हे जमायला लागून थोडेच दिवस झाले होते आणि त्याचा तिला फार अभिमान होता. मला एकदम दिसलं, की मी तिचं सगळं वेळेवर करतेय. दूध, लस, टोपडं, झोप. आणि शेजारच्या खोलीत ती रडतेय आणि मला ते दुसऱ्या कुणाचं तरी रडणं वाटतंय.

"नाही," मी म्हणाले. "संमती देत नाही."

"मग मला अर्ज नाकारावा लागेल. आपल्या पतींपासून आपण दूर राहाल. विचार करा."

"विचार झाला. नाकारा. पण कारण नीट नोंदवा. अर्जदार अस्वस्थ नव्हती. अर्जदाराचं घर तिचं मूल आहे, आणि ते तुमच्या यंत्राला वाचता येत नाही. हे असंच्या असं जायला हवं. आणि मी अपील करणार आहे."

"अपिलांना फार काळ लागतो, मॅडम."

"लागू द्या. ही तोवर चालायला लागेल. मग बाण आणखी पळेल."

यंत्रानं हे कसं भाषांतरित केलं कोण जाणे, पण ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी नाकारलं.

सासूबाई खाली गेल्या आणि मी रेवाला कडेवर घेऊन जिन्यातच तुषारला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझी सुट्टी साठली आहे," तो म्हणाला. "कधीपासून. दर महिन्याला वाटतं तिकीट काढावं, आणि काढत नाही. तुला खरं सांगू? मला यावंसं वाटत नाही, सानिका. तुमच्यावर प्रेम नाही असं नव्हे. आतून कुणी ढकलतच नाही. त्या रस्त्याच्या कडेला उभा असतो तसा उभा आहे. काय करू मी?"

मी रडले असते तर तो तिथंच उभा राहिला असता.

"वाटण्याची वाट बघू नकोस," मी म्हणाले. "तिकीट काढ. मुंग्यांना वाटावं लागतं. तू माणूस आहेस, तू ठरव. स्टेशनवर उतर आणि दिसेल त्याला विचारत विचारत ये."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, पेशंट असेल. "थांब, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. मग बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला, आणि काही वेळानं त्यानं मला विचारलं, मुंबईला उतरलं तर मिरजेची गाडी कुठून मिळते. जन्मभर त्या गाडीनं फिरलेला माणूस. मी त्याला सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

प्रतीक्षागृहात उतरले तर सासूबाई खुर्चीवर चढायच्याच बाकी होत्या.

"लेकरं घेऊन आलेल्या बाया इकडं या! पुढं सरका, पुढं सरका. आत गेल्यावर तुम्हाला अस्वस्थ लिहितील. लिहू द्यायचं न्हाई. लेकरू बाहेर फिरवायचं, आणि त्यांना म्हणायचं, बाण बघा."

सुरक्षारक्षक त्यांना बसा म्हणत होता, त्या त्याला 'पेढा खाल्लास ना, मग गप' म्हणत होत्या. चार-पाच जणी जवळ आल्या होत्या. त्यातली एक लातूरकडची, कडेवर वर्षभराचा मुलगा, सोबत कुणी नाही. मापाच्या खोलीचं दार उघडून तांबोळी मॅडमनी तिचंच नाव पुकारलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी दार जरा जास्तच उघडं धरलं आणि तिला म्हणाल्या, "फोन आणा आत. माझ्या टेबलावर ठेवा."

"पण याला कोण सांभाळणार?" ती बाई घाबरून म्हणाली.

मी रेवाला सासूबाईंकडे दिलं आणि हात पुढे केले. मुलगा जड होता आणि आई दिसेनाशी होताच त्यानं भोकाड पसरलं.

"रड बाबा, जोरात रड," मी त्याला म्हणाले आणि पार्किंगकडे निघाले.